खाण्याच्या विकारात ऑनलाइन मार्गदर्शित स्वमदत: उपचारांच्या जोडीला ती कशी वापरायची

बिंज ईटिंग (ताबा सुटून खूप खाणं) किंवा बुलिमिया (तसं खाऊन नंतर उलटी वगैरे करून ते ‘भरून काढणं’) यांवर उपचार शोधायला निघालेल्या माणसाला पहिली अडचण येते ती माणसं मिळण्याची. मुंबई-पुण्याबाहेर या विकारांवर नियमित काम करणारे मानसशास्त्रज्ञ फार कमी. लातूरला, चंद्रपूरला मानसोपचारतज्ज्ञ आहेत, पण बाहेर पन्नास पेशंट बसलेले असताना एकाच्या जेवणाच्या वेळांवर दर आठवड्याला तासभर बोलायला त्यांना सवड कुठून मिळणार?

ब्रिटनमध्येही प्रशिक्षित थेरपिस्ट कमी आणि रांगा लांब अशीच गत होती. त्यातून 1990 च्या दशकात तिथे मार्गदर्शित स्वमदत ही पद्धत रुजली. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा मानसोपचार), पायऱ्यापायऱ्यांनी लिहून रुग्णाच्या हातात द्यायची आणि एका प्रशिक्षित माणसाने थोड्या थोड्या दिवसांनी त्याच्याशी बोलत राहायचं. पुढे हे साहित्य इंटरनेटवर आलं. बुलिमिया आणि तत्सम त्रास असलेल्या ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. ऑनलाइन कार्यक्रम आणि सोबत ई-मेलवरून आधार मिळालेल्यांची लक्षणं, नुसती वाट पाहणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली होती. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या तिथल्या ‘नाइस’ या संस्थेने 2017 मध्ये प्रौढांच्या बुलिमिया आणि बिंज ईटिंगसाठी मार्गदर्शित स्वमदत ही पहिली पायरी म्हणून सुचवली. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी आपल्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, थेट याच नावाने विचारणा करावी. इथे भारतात मात्र सगळी जुळवाजुळव आपली आपल्यालाच करावी लागते. ती कशी करायची, हे पुढे सांगतो.

हे कुणासाठी आहे, कुणासाठी नाही

थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, त्या वेळी थांबताच येत नाही, आणि नंतर अपराधी वाटतं. असं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चालू असेल तर डॉक्टर त्याला बिंज ईटिंग म्हणण्याचा विचार करतात. खाल्लेलं ‘भरून काढण्यासाठी’ उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं, दिवसदिवस उपाशी राहणं किंवा अतोनात व्यायाम करणं हेही नियमित होत असेल तर तो बुलिमिया. या दोन्हींत मार्गदर्शित स्वमदत उपयोगी पडते. माणूस बारीक आहे की जाड, यावरून काही ठरत नाही. पुरुषांनाही हा त्रास होतो. जिममध्ये ‘कटिंग’च्या, म्हणजे चरबी उतरवण्याच्या, नावाखाली तो झाकून जातो, एवढंच.

ॲनोरेक्सियात, म्हणजे वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरलेलं असताना, या पद्धतीवर विसंबू नका. उपाशी मेंदूला स्वतःचा उपचार स्वतः चालवता येत नाही. वजन भराभर उतरतंय, चक्कर येते, छातीत धडधडतं, रक्ताची उलटी झाली, गरोदरपण आहे, इन्सुलिन चालू आहे आणि वजनाच्या भीतीने डोस चुकवला जातो, किंवा जगणं नको वाटतं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, बाकी सगळं नंतर. अठराच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत पालकांना आणि डॉक्टरांना सोबत घेतल्याशिवाय सुरुवात करू नये.

पहिली पायरी: डॉक्टरांकडे जाणं

लोक नेमकी हीच पायरी गाळतात. वारंवार उलट्या किंवा जुलाब झाले की रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून पोटॅशियमसह इलेक्ट्रोलाइट्स, किडनीची तपासणी, साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि गरज वाटल्यास ईसीजी एवढं करून घ्यावं. या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ झालेलं दातांवरचं आवरण त्याने घासलं जातं. नुसत्या पाण्याने चूळ भरा.

डॉक्टरांसमोर बसल्यावर शब्द फुटत नाहीत, ही अडचण खरी आहे. ‘ॲसिडिटी होते’ म्हणून सुरुवात होते आणि अँटासिड घेऊन माणूस परत येतो. त्यापेक्षा दोन वाक्यं चिठ्ठीवर लिहून न्या: ‘डॉक्टर, आठवड्यातून अमुक वेळा माझा खाण्यावरचा ताबा सुटतो आणि नंतर मी उलटी काढते. मला रक्ततपासणी आणि मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी हवी आहे.’ बोलणं जमलं नाही तर चिठ्ठी पुढे सरकवा. ‘मनावर थोडा ताबा ठेव’ असं उत्तर मिळालं तर डॉक्टर बदला. त्यात संकोच कसला?

मानसोपचारतज्ज्ञ कदाचित औषध देतील. बुलिमियात फ्लुओक्सेटिनचा उपयोग होतो, हे चांगलं अभ्यासलं गेलेलं आहे. उलट्यांबद्दल त्यांना खरं सांगणं महत्त्वाचं आहे, कारण ब्युप्रोपिऑनसारख्या औषधाने बुलिमियाच्या रुग्णाला फिट येण्याचा धोका वाढतो. स्वमदत सुरू केली म्हणून चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरी पायरी: साहित्य आणि मार्गदर्शक

साहित्य म्हणजे सीबीटीवर आधारलेला, खास खाण्याच्या विकारांसाठी लिहिलेला कार्यक्रम: संकेतस्थळ, ॲप किंवा पुस्तक. ‘सकारात्मक विचार करा’ छापाचं सर्वसाधारण ॲप इथे चालत नाही. एखादा कार्यक्रम बरा की वाईट, हे ताडायला एक सोपी खूण आहे. त्यात कॅलरी मोजायला सांगितलं असेल, वजन घटवण्याचं लक्ष्य असेल किंवा ‘आधी-नंतर’चे फोटो असतील, तर तो तुमच्यासाठी नाही.

आणि मार्गदर्शकाच्या जागी यंत्र बसवू नका. अमेरिकेत 2023 मध्ये काय झालं, ते सांगण्यासारखं आहे. तिथल्या राष्ट्रीय पातळीवरच्या खाण्याच्या विकारांच्या संस्थेने आपली अनेक वर्षांची हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं. संस्थेकडे ‘टेसा’ नावाचा चॅटबॉट होता. मदत मागणाऱ्यांना त्याने कॅलरी कमी करण्याचे आणि वजन उतरवण्याचे सल्ले दिल्याचं उघड झालं आणि तो तातडीने बंद करावा लागला. आजाराला खतपाणी घालणारा सल्ला बरोब्बर त्या आजाराच्या माणसापर्यंत पोचला. रात्री अकरा वाजता कुठल्याही एआयला ‘आज खूप खाल्लं, उद्या काय करू?’ असं विचारण्याची सवय असेल, तर ती आधी सोडा.

मार्गदर्शक म्हणजे या पद्धतीचं प्रशिक्षण असलेला मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक किंवा मनोविकार परिचारिका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, हे विचारायला हरकत नाही. ‘आहारतज्ज्ञ’ पाटी लावून वजन घटवण्याचे पॅकेज विकणारी व्यक्ती मार्गदर्शक होऊ शकत नाही. तुमचीच मानसशास्त्रज्ञ ही भूमिका घ्यायला तयार असेल तर फारच छान. तिच्या पूर्ण सत्रांमध्ये घरी करायचं काम म्हणून हा कार्यक्रम बसवता येतो.

पहिल्याच कॉलमध्ये काही प्रश्न विचारून घ्या. दोन सत्रांच्या मध्ये मेसेज केला तर उत्तर किती वेळात येईल? माझ्या नोंदी कोण कोण वाचणार आणि त्या कुठे साठवणार? तब्येत अचानक बिघडली तर कुणाला कळवणार? मानसोपचारतज्ज्ञांशी तुम्ही बोलाल का? ही उत्तरं गुळमुळीत आली तर दुसरं माणूस शोधा.

चांगलं साहित्य बहुतेक इंग्रजीतच आहे. पण नोंदी मराठीत ठेवा आणि शक्यतो मराठीत बोलणाराच मार्गदर्शक निवडा. ‘खा खा सुटली’, ‘घशाशी येईपर्यंत जेवले’, ‘पोटात खड्डा पडला’ हे जसंच्या तसं सांगता आलं की विसाव्या मिनिटाऐवजी तिसऱ्या मिनिटाला मुद्दा हाताशी येतो.

वेळापत्रक

नाइसने बुलिमियासाठी सुचवलेला आराखडा असा: सोळा आठवडे, त्यात चार ते नऊ छोटी सत्रं, प्रत्येक साधारण वीस मिनिटांचं, सुरुवातीला दर आठवड्याला. वीस मिनिटं कमी वाटतात, पण नोंदी आदल्या दिवशी पाठवलेल्या असतील तर पुरतात. सत्रात बालपण उकरायचं नाही. मागच्या आठवड्यात काय ठरलं, त्यातलं काय जमलं, कुठे अडलं आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं, एवढंच बोलायचं.

दोन खोल्यांच्या घरात एकांत कुठून आणायचा? गच्ची, पार्क केलेली गाडी, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसची रिकामी मीटिंग रूम, कॉलेजच्या वाचनालयामागचा कट्टा, काहीही चालतं. व्हिडिओ नसला तरी बिघडत नाही. उलट स्वतःचा चेहरा स्क्रीनवर दिसला की अनेकांचं लक्ष गालांकडेच जातं, तेव्हा निदान स्वतःची खिडकी तरी झाका. घरात फोन सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर नोंदींच्या ॲपला वेगळं कुलूप लावा.

तिसरी पायरी: नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. फक्त लिहायचं: वेळ, जागा, काय खाल्लं, जास्त झालं असं वाटलं तर एक फुली, उलटी किंवा औषध घेतलं असेल तर एक खूण, आणि त्या वेळी मनात काय होतं ते. ग्रॅम नको, कॅलरी नको. खाल्ल्या खाल्ल्या लिहायचं. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीत फक्त पश्चात्ताप उरतो, दिवस हरवतो.

नमुन्यादाखल एक दिवस बघा.

सकाळी 7:50. ओट्याशी उभ्याने. चहा, दोन बिस्किटं. ‘कालचं भरून काढायचंय.’
दुपारी 2:10. ऑफिस. डब्यातली भाजी, काकडी. पोळ्या परत आणल्या. ‘सगळ्या माझ्याच डब्याकडे बघतायत असं वाटलं.’
संध्याकाळी 6:40. बस स्टॉप. काही नाही. डोकं दुखतंय.
रात्री 8:30. घर. पोळी-भाजी, वरण-भात, मग चिवडा, लाडू, ब्रेड. फुली. खूण. ‘आई म्हणाली, दुपारच्या पोळ्या तशाच? चिडले.’

ही नोंद लिहिणाऱ्या मुलीचं सगळं लक्ष साडेआठच्या ओळीवर असतं. तिला वाटतं, आपला दोष तिथे आहे. अनुभवी मार्गदर्शक त्या ओळीबद्दल चकार शब्द काढत नाही. ती विचारते, ‘सहा-चाळीसला बस स्टॉपवर तुला काय खाता आलं असतं?’ दिवसभराच्या उपासाने रात्रीचा खाण्याचा झटका ओढवून आणला होता. त्या चार ओळी एकाखाली एक दिसल्याशिवाय हे कुणाच्याही सांगण्याने पटत नाही. स्वमदतीला माणसाची जोड लागते ती एवढ्यासाठीच. लिहिणारा फुली बघतो, वाचणारा फुलीच्या आधीची रिकामी जागा बघतो.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, आणि तेही मार्गदर्शकाशी ठरवून. दिवसातून चारदा काट्यावर चढायची सवय असेल तर काटा शेजारी किंवा बहिणीकडे ठेवून द्या.

चौथी पायरी: वेळच्या वेळी खाणं

सगळ्यात जास्त काम ही पायरी करते आणि सगळ्यात जास्त भीतीही हिचीच वाटते. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नाही. काय खायचं याची चर्चा सध्या बाजूला. भूक लागली की नाही हेही विचारायचं नाही, कारण महिनोन्‌महिने उपास आणि झटके यांच्या कात्रीत सापडलेल्या शरीराच्या भुकेच्या खुणा भरवशाच्या राहिलेल्या नसतात. घड्याळ बघून खायचं.

ऑफिसला जाणाऱ्या माणसाचा दिवस असा बसवता येईल: आठला पोहे किंवा पोळी-चहा, अकराला केळं नाहीतर मूठभर शेंगदाणे, दीडला पूर्ण डबा, पाचला चहाबरोबर खाकरा किंवा सँडविच, साडेआठला जेवण. गरज असेल तर झोपण्याआधी दूध. एकदम सगळं जमणार नाही. दिवसाचा जो भाग त्यातल्या त्यात सोपा आहे, तिथून सुरुवात करा, बहुधा सकाळपासून.

झटका आलाच तर पुढचं खाणं ठरलेल्या वेळेलाच घ्यायचं. ‘रात्री एवढं झालं, आता उद्या दुपारपर्यंत काही नको’ हा हिशेब म्हणजे उद्या रात्रीच्या झटक्याची आगाऊ तयारी. उलटीने खाल्लेलं सगळं बाहेर पडत नाही, आणि जुलाबाच्या औषधाने मुख्यतः पाणी जातं. वजनाचा काटा हलतो तो त्या पाण्यामुळे.

वजन वाढेल का? बहुतेकांचं फारसं बदलत नाही, कारण रात्रीचे झटके कमी होतात. पण उपाशी राहून दाबून ठेवलेलं वजन थोडं वर येऊ शकतं, हे मार्गदर्शकाने आधीच सांगायला हवं. तसं न सांगता ‘अजिबात वाढणार नाही’ असा शब्द देणाऱ्यावर तुमचा विश्वास पाचव्या आठवड्यात उडणार.

आता उपवासांचं. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. श्रद्धेचा मान राखूनही एवढं म्हणतो की उपचार चालू असेपर्यंत निराहार उपवास थांबवावेत. आजारी माणसाला उपवासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहेच. घरात ते सांगता येत नसेल तर ‘डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली आहे, खाऊन घ्यायला सांगितलंय’ हे वाक्य वापरा. दिवसातून दोनदाच जेवा, सोळा तास उपाशी राहा, या आहारपद्धतींची महाराष्ट्रात सध्या घराघरांत चलती आहे. इतरांना त्यातून काय मिळतं तो वेगळा विषय. बिंज असणाऱ्याने मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये. शेजारच्या काकूंनी सहा किलो उतरवले असले तरी.

पाचवी पायरी: तल्लफ आली की

खाण्याची ऊर्मी चढते, टोकाला जाते आणि ओसरते. पण त्या वेळी वाटतं की ती ओसरणारच नाही. आधीच यादी करून ठेवा: कुणाला फोन करता येईल, कुठे जाता येईल, हाताला काय काम देता येईल. ‘ध्यान करीन’ असलं उदात्त काही लिहू नका, तल्लफ आल्यावर ते होत नाही. खाली जाऊन दूध आणणं, आंघोळ, मोठ्या आवाजात गाणी लावून कपाट आवरणं, मावशीला फोन करणं. फोनवर खाण्याबद्दल बोलायचीही गरज नाही. जेवणानंतरचा तास अवघड जात असेल तर तो तास घरच्यांबरोबर बाहेरच्या खोलीत काढा.

चौथ्या आठवड्यात थांबून बघा

फुल्या मोजा. पहिल्या आठवड्यात किती, आता किती? या पद्धतीचा उपयोग ज्यांना होतो त्यांच्यात तो सहसा लवकर दिसतो. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर पुढची पायरी घ्यावी, असं नाइसही सांगतं: बुलिमियात वैयक्तिक सीबीटी, बिंज ईटिंगमध्ये गटातली. इथे तसे गट सहज मिळत नाहीत, त्यामुळे मानसशास्त्रज्ञाबरोबर पूर्ण वेळेची सत्रं हाच व्यवहारी मार्ग. त्याला नापास होणं समजू नका. साध्या गोळीने ताप उतरला नाही तर डॉक्टर औषध बदलतात, तसंच हे आहे. वाईट होतं ते सहा-सहा महिने त्याच ॲपला चिकटून राहण्याने.

फुल्या कमी झाल्या असतील तरच पुढच्या गोष्टींना हात घाला. ‘वर्ज्य’ पदार्थांची यादी करून त्यातला सगळ्यात कमी भीतीचा पदार्थ आठवड्यातल्या बऱ्या दिवशी, भरल्या पोटी, थोडा खायचा. भात हा पहिला पदार्थ असणारे मराठी घरांत पुष्कळ सापडतील. आरशासमोर पोट चिमटीत धरून बघण्याच्या वेळा लिहून काढायच्या. इन्स्टाग्रामवरची जी खाती बघितल्यावर जेवण टाळावंसं वाटतं, ती काढून टाकायची.

घरचे

सगळ्यांना सांगायची गरज नाही, पण एका माणसाला सांगा. सांगताना नेमकं काम द्या: ‘ताई, जेवताना माझ्या ताटाबद्दल काही बोलू नकोस, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास माझ्याबरोबर बस.’ आपल्याकडे प्रेम ताटातूनच व्यक्त होतं. एकच आत्या ‘किती सुटली आहेस’ म्हणते आणि त्याच दमात पानात तिसरी पुरणपोळी वाढते. तिला बदलायला जाऊ नका. तिच्या शेजारी न बसण्याची व्यवस्था मात्र लग्नाला जाण्याआधी करून ठेवा.

हे वाचणारे तुम्ही आई-वडील किंवा नवरा असाल तर बाथरूमबाहेर पाळत ठेवू नका, डबे मोजू नका, ‘आज जमलं का?’ असं रोज विचारू नका. घरात जेवण वेळेवर मांडा आणि वजनाचा विषय बंद ठेवा. स्वतःचाही.

शेवटची सत्रं

सोळाव्या आठवड्याच्या आसपास मार्गदर्शकाबरोबर एक पान लिहून काढा. माझा त्रास कशाने वाढतो (परीक्षा, स्थळं बघण्याचा काळ, बाळंतपण, दिवाळीचा फराळ घरात आल्यावरचे दिवस). सुरुवातीच्या खुणा कोणत्या (सकाळचं खाणं सुटणं, काट्यावर पुन्हा रोज चढणं). तसं झालं की पहिलं काय करायचं. उत्तर बहुधा एकच असतं: त्याच दिवशी नोंदवही उघडायची आणि वेळच्या वेळी खाण्यावर परत यायचं. एखाद्या रात्री ताबा सुटला तर ती एक रात्र. दोन आठवडे सलग सुटत राहिला तर मार्गदर्शकाला फोन करा.

त्या पानावर मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर, जवळच्या माणसाचा नंबर आणि 14416 लिहा. हा ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या सरकारी टेली-मानसचा क्रमांक आहे, मोफत, आणि तिथे मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला, छातीत धडधडलं किंवा चक्कर येऊन पडलात तर पान शोधत बसू नका. सोबत कुणाला तरी घेऊन सरळ जवळच्या दवाखान्यात जा आणि तिथे उलट्यांबद्दल पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे पोटॅशियम आणि ईसीजी लगेच बघितले जातील.